खाट क्रमांक नऊ

रॉटरडॅमच्या धक्क्यावरून त्याला आणलं तेव्हा
कपड्यांतून मास नदी गळत होती.
खिशात एक कंगवा, तीन दात पडलेला. बाकी ना आगा ना पिछा.
टाके घातले. पहाटे डोळे उघडले,
छताकडे बघून म्हणाला,
ना.

फेन्ना रात्रपाळीला. डच बाई,
तिच्याकडे 'ना' म्हणजे नंतर.
बरं, नंतर सांग, म्हणाली, आधी झोप,
आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

फरशी पुसणारी वानपेन कान देऊन थांबली.
तिच्या थाई भाषेत आधी सूर पाहावा लागतो, मग अर्थ.
सूर सपाट आहे, ती म्हणाली. भाताचं शेत.
मग फडका पिळत राहिली, गरजेपेक्षा बराच वेळ.

दहा नंबरवर मुतखड्याचे बे आजोबा,
बुसानच्या जहाजावर उभा जन्म आचाऱ्याचा.
ते कुशीवर वळले: अहो, 'मी' म्हणतोय तो.
पाण्यातून वर आलेला माणूस
दुसरं काय म्हणणार?

स्ट्रेचर ढकलणारा बराका, लामू बेटावरचा,
त्याच्या स्वाहिलीत 'ना' म्हणजे आणि. म्हणजे सोबत.
तिथे 'माझ्याकडे होडी आहे' म्हणता येत नाही,
'मी होडीसोबत आहे' असंच म्हणतात.
बराकाने विचारलं, आणि कोण?
आणखी कोण होतं तुझ्यासोबत?
उत्तर आलं नाही, तशी खुर्ची ओढून
तो स्वतःच सोबत बसला.

दुपारी पाव आला. माणसाने अर्धा तोडला,
लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या त्स्वेतानपुढे धरला:
ना.
घे, म्हणतोय! त्स्वेतान ओरडला, आमचाच आहे, बल्गेरियाचा!
पाव खाल्ला, बल्गेरियनमध्ये तासभर बोलला.
समोरचा ऐकत होता, जसं पावसाला ऐकतात.

नोंदणीच्या कागदावर रकाना होता नावाचा.
आहार विभागातली चिकागे म्हणाली,
जपानीत 'ना' म्हणजे नावच. आणि पालेभाजीसुद्धा, पण ते जाऊ द्या.
फेन्नाने लिहिलं, ना.
मला ते नाव वाटलं, शेवटचं अक्षर
नदीत पडलेलं.

विद्यापीठातून फोनवर एक गृहस्थ आले,
आवाज कोरडा, पण माणूस बरा.
म्हणाले, गफलत करू नका, यांचं एकमेकांशी नातं नाही.
जीभ दातांमागे टेकते, सुटते, तोंड उघडतं,
तोंड असलेल्या कुणालाही हे सापडतं.
एका टांकसाळीतली नाणी नव्हेत ही.
फक्त फेन्नाचं 'ने' आणि तुमचं 'ना', मला म्हणाले,
लांबचे चुलत. तेही नकारापुरते.

हो, मला. रक्ताच्या बाटल्या न्यायला
मी रोज त्या मजल्यावर जाते.
तुमचा असेल का, विचारलं त्यांनी,
म्हणून चौथ्या रात्री त्याच्या उशाशी उभी राहिले.
तो म्हणाला.

आमच्यात 'ना' वाक्याच्या आधी आला
तर दार लागतं.
शेवटी आला तर कुणीतरी बाही ओढतं:
थांब ना. बघ ना. सोड ना. ये ना.
तेच अक्षर. नुसती जागा बदलते.

याच्या 'ना'ला मागे-पुढे काहीच नव्हतं.
मी वाकून विचारलं, मराठीत, कारण काय फरक पडणार होता,
क्रियापद कुठंय, बाबा?
कोण थांबायला हवं होतं?

खिडकीखाली टगबोट भोंगा देत गेली.
त्याने माझी बाही धरली होती.
किंवा ढकलत होता मला, सांगता येत नाही,
बोटं फार अशक्त होती.

कागदावर मी 'नाही' असं लिहिलं.
माझी भाषा नाही, असं.
सही करताना हात जरा थांबला.